फळ्यांच्या अलीकडे

बोहुनानं दाराची लोखंडी कडी दुसऱ्यांदा आपटली आणि कान दाराला लावला. आत संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा नुकतीच थांबली होती. दार उघडलं नाही. दारातली छोटी झडप तेवढी सरकली आणि तिच्यातून ब्रदर बार्ताच्या पांढऱ्या भुवया दिसल्या.

"आता नाही, बाई," तो म्हणाला. "नऊ दिवस झाले."

"झाले कसे? आज नववा. मागच्या रविवारी सकाळी दार उघडलंत, काल रविवारी आठ झाले, आज सोमवार. बोटं मोजा हवी तर."

बार्तानं बोटं मोजली नाहीत. त्यानं तिच्याकडे बघितलं. बोहुनानं लग्नातला तपकिरी झगा घातला होता, डोक्याला धुतलेलं पांढरं फडकं बांधलं होतं आणि नखांतली माती सुईनं टोकरून काढली होती. एवढी तयारी करून आलेल्या बाईला काय सांगायचं, हे त्याला कळेना.

"तुमचं गणित बरोबर आहे," तो शेवटी म्हणाला. "पण आमचा दिवस सकाळी उजाडत नाही. संध्याकाळच्या घंटेला सुरू होतो आणि दुसऱ्या संध्याकाळच्या घंटेला संपतो. बिशपसाहेब त्याच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी आले, तिथून पहिला दिवस धरलाय. आत्ता वाजली ती घंटा दहाव्याची."

आता यात चूक कुणाची म्हणायची? मठातली माणसं दिवस संध्याकाळपासून मोजतात, हे व्रबोवा गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. नाताळ आदल्या संध्याकाळीच लागतो, उपासही आदल्या संध्याकाळपासून धरायचे. पण घरचा दिवस कोंबडा आरवल्यावर सुरू होतो, आणि बोहुनानं घरचा दिवस मोजला. तिच्या जागी गावातली दुसरी कुणी असती तर तिनंही तोच मोजला असता. फरक इतकाच, की बाकीच्या बाया पहिल्याच दिवशी आत जाऊन आल्या होत्या.

मठात बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही, हा नियम मठाचा पाया खणला त्या दिवसापासूनचा. फाटकाशी भाकरी मागावी, तापावरचा काढा न्यावा आणि तिथूनच मागं फिरावं. पण नव्या चर्चचा अभिषेक झाला की नऊ दिवस बायकांनाही दार उघडं, आणि अभिषेक चर्चला एकदाच होतो. या चर्चचा व्हायला तीन पिढ्या लागल्या. बोहुनाच्या आजोबांनी पायाचे दगड वाहिले, वडिलांनी चुना कालवला, तरी काम आपलं चालूच. पहिल्या मिस्त्रीनं जाड भिंती आणि गोल कमानी केल्या. दुसऱ्याला त्या ठेंगण्या वाटल्या, म्हणून त्यानं पुढच्या कमानी टोकदार करून उंच नेल्या. तिसरा, हा आत्ताचा पेशेक मिस्त्री, तो आल्यापासून तर सगळं नुसतं वरच चाललं होतं. एवढं करून वेदीकडचा अर्धा भाग पुरा झाला. मठाधिपती थकले होते. डोळे मिटायच्या आधी त्यांना आपल्या चर्चमधली प्रार्थना ऐकायची होती, म्हणून मधे फळ्यांची भिंत घालून अर्ध्या चर्चचाच अभिषेक उरकला.

त्या नऊ दिवसांत गावातल्या बायांनी घरदार सोडलं होतं म्हणा ना. शेजारची माख्ना रोज जात होती आणि रोज येऊन सांगत होती. पहिल्या दिवशी तिची निराशा झाली. भिंतीवर एक चित्र नाही, काचांना रंग नाही, सोन्याचा ठिपका नाही. तीन पिढ्या दगड वाहिले आणि आत बघावं तर नुसता उजेड, असं ती म्हणाली. दोन दिवसांनी म्हणाली, पण उजेड चांगलाय गं. सहाव्या दिवशी म्हणाली, संध्याकाळी जा, दिवे लावताना गातात तेव्हा अंगावर काटा येतो. आणि रोज निघताना, सहज आठवल्यासारखं करून, ती सांगायची की तुझा यारोश डावीकडच्या रांगेत अगदी शेवटी बसतो, पार फळ्यांना टेकून. वाळलाय. मान वर करत नाही.

"मला काय करायचंय," बोहुना म्हणायची. "माझी भट्टी लागलीय."

बोहुना कुंभारीण. नवरा गेल्यावर चाक आणि भट्टी दोन्ही तिनं एकटीनं ओढलं. गाडगी, रांजण, आणि मुख्य म्हणजे कौलं. आमच्याकडे कौलं नळीची, एक उताणं आणि त्यावर एक पालथं. उताण्याला संन्यासीण म्हणतात आणि पालथ्याला संन्यासी, आणि मठाच्या छपरावर तेवढी दोघांची सोबत खपवून घेतात, हा विनोद छपरावर चढणारा प्रत्येक माणूस जन्मात शंभरदा करतो. बोहुनाचं कौल तडकत नाही, असा तिचा लौकिक होता. यारोश तिचा एकुलता एक. त्याचा हात असा, की चाकावर गोळा ठेवला की तो आपसूक मधोमध बसायचा. आईला वाटायचं, आता आपण म्हातारं व्हायला हरकत नाही.

सहा वर्षांमागं, अठरा वर्षांचा असताना, त्यानं एका सकाळी चाकावरून उठून हात धुतले आणि मी मठात जातो म्हणाला. बोहुनानं समजावलं, मग रडली, मग चिडली. चिडली की तिच्या तोंडाला धरबंध राहत नाही. त्या दाराच्या आत गेलास तर पुन्हा मला तोंड दाखवू नकोस, असं ती बोलून गेली, आणि पोरानं आईचा शब्द पाळला. मठात त्याचं नाव लांबेर्त ठेवलं. मठ तिच्या अंगणातून दिसतो. सहा वर्षांत तिनं त्याला पाहिलं नव्हतं.

आठ दिवस तिचा हट्ट टिकला. नवव्या दिवशी दुपारी भट्टी निवली, कौलं बाहेर काढून झाली, करायला काही उरलं नाही, आणि तिला एकदम कळलं की आज गेले नाही तर मरेपर्यंत जाता येणार नाही. तिनं पाणी तापवून अंघोळ केली. गर्दी ओसरली की जाऊ, पोराला एकदा डोळे भरून बघू, गाताना ऐकू आणि न बोलता परत येऊ, असं ठरवून ती निघाली होती.

"प्रार्थना होईपर्यंतच, बार्ताबाबा," ती म्हणाली. "मी दाराशी उभी राहते. पुढं येत नाही."

"मला उघडता येत नाही, बाई."

बोहुना पायरीवर बसली. रडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण ते काही जमलं नाही. सहा वर्षं तिनं पोरावर राग धरला होता, आता तो राग घेऊन जायला जागाच राहिली नव्हती. स्वतःचाच तेवढा उरला.

बार्ता झडपेतून बघत राहिला. तो शिकलेला संन्यासी नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी बैलगाडी घेऊन दगड टाकायला आला आणि राहिला, तो अंगमेहनतीची कामं करणाऱ्यांतला ब्रदर. बाई रडायला लागली की काय करायचं हे मठात कुणी शिकवत नाही. म्हणून त्यानं जे बोलायला नको तेच बोलून टाकलं.

"आज दुपारी त्यानं तीनदा मान वर केली. बायका आत आल्या की बघायचा. उपमठाधिपतींनी सगळ्यांदेखत टोकलं त्याला."

हे ऐकून तिनं तोंडावर पदरासारखं फडकं ओढून घेतलं आणि तिचे खांदे हलायला लागले. बार्तानं स्वतःला मनातल्या मनात बैल म्हटलं. झडप बंद झाली. थोड्या वेळानं बाजूच्या फाटकात किल्ली फिरली आणि तो हातात पाण्याची बादली घेऊन बाहेर आला.

"उठा," तो म्हणाला. "ही बादली धरा आणि माझ्यामागून पश्चिमेकडून या. तिकडं अजून चर्च झालेलं नाही."

ते भिंतीच्या कडेनं वळसा घालून गेले. पश्चिमेकडचा अर्धा भाग म्हणजे नुसतं बांधकाम होतं. भिंती उंच गेल्या होत्या, खांब उभे होते, वर छपराचे वासेही चढले होते, पण त्यांच्यावर कौल नव्हतं आणि वाशांमधून आभाळ दिसत होतं. जमिनीवर चुन्याच्या कुंड्या, दोर, अर्धवट घडवलेले दगड. इथं गावातल्या बाया दिवसभर पाणी नि चुना वाहायच्या, त्यांना कुणी अडवत नव्हतं. समोर, जिथं पुरं झालेलं चर्च सुरू होत होतं तिथं, जमिनीपासून कमानीच्या टोकापर्यंत फळ्या ठोकल्या होत्या. फळ्यांच्या फटींतून आतल्या दिव्यांचा उजेड येत होता.

बार्तानं आपला कायदा तिला हलक्या आवाजात समजावून सांगितला. फळ्यांच्या पलीकडे चर्च. अलीकडे, जिथवर डोक्यावर उघडं आभाळ आहे तिथवर बांधकाम, आणि बांधकामावर बाई बादली घेऊन उभी असली तर तो नियमभंग नव्हे. कौल डोक्यावर आलं की मात्र तेही चर्च. मग फळ्या काढायच्या, मागच्या दाराला लावायच्या आणि इथं आम्ही कष्टकरी ब्रदर बसणार. त्याला पुन्हा अभिषेक नाही, पुन्हा नऊ दिवस नाहीत.

"आवाज करू नका," तो म्हणाला. "त्याला कळलं तर त्याचं चित्त उडेल, आणि वरच्यांना कळलं तर माझ्या किल्ल्या जातील."

बोहुना बादली हातात धरून डाव्या कोपऱ्यात, फळ्यांना खांदा लावून उभी राहिली. फटीतून दिसत काही नव्हतं. पलीकडे बाकाची लाकडी पाठ आडवी येत होती. आत चाळीस जण स्तोत्र म्हणत होते. एक बाजू एक ओळ म्हणायची, थांबायची, मग दुसरी बाजू पुढची. बोहुनानं डोळे मिटून त्यातून आपल्या पोराचा आवाज वेचून काढायचा प्रयत्न केला. लहानपणी तो चाकाशी बसून दिवसभर काहीबाही गुणगुणायचा, तो आवाज तिनं अंधारातही ओळखला असता. पण इथं कुणाचाच आवाज वेगळा येत नव्हता. सगळ्यांचा मिळून एकच आवाज होता आणि तो दगडावरून वर जाऊन पुन्हा खाली येत होता. फार चांगलं वाटत होतं ते कानाला, आणि तिला ते अजिबात नको होतं. तिला तिचा मुलगा हवा होता.

मग दोन ओळींच्या मधल्या शांततेत कुणीतरी शिंकलं.

एक छोटी शिंक. लगेच दुसरी, मोठी. मग सगळ्यांना वाटावं की झालं आता, एवढा वेळ गेल्यावर तिसरी. तिच्या नवऱ्याची शिंक. तो अशीच तिसरी मागं ठेवायचा आणि सासूबाई दर वेळी फसायच्या. तिच्या खांद्यापासून दीड हातावर, फळीच्या पलीकडे, यारोश नाक ओढत होता. बोहुनानं फडक्याचा बोळा तोंडात कोंबला, कारण तिला हसूही येत होतं आणि रडूही. घरी म्हणायची तसं तिचे ओठ आवाज न करता म्हणाले, देव तुला सुखी ठेवो, बाळा.

परत निघताना बार्तानं बादलीसाठी हात पुढं केला. ती म्हणाली, उद्या बादली मी घरून आणते.

मग ती रोज जायला लागली. दिवसभर माती, संध्याकाळी घंटा झाली की बादली. माख्नानं पहिले काही दिवस तोंड आवरलं, मग तिला राहवेना. म्हणाली, अगं, आठ दिवस दार सताड उघडं होतं तेव्हा भट्टी लागली होती आणि आता भिंतीला कान लावून बसतेस, तुझं डोकं तरी कुठल्या चाकावर घडवलंय. बोहुनाला राग आला नाही. ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली होती. आत कोण कुठं बसतं, कोण स्तोत्र आधी संपवतं आणि कोणाला नेहमी धाप लागते, हे तिला आता गावातल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत झालं होतं. पोराचा गळा मात्र तिला गाण्यात कधीच सापडला नाही. तो कळायचा बाक सरकवताना, पान उलटताना, नाक ओढताना. तेवढ्यावर तिचं भागत होतं.

हिवाळ्याच्या तोंडाशी, संत मार्टिनच्या सणाला, गवंडी आपापल्या गावी गेले. जाताना त्यांनी गोठून चुना फुटू नये म्हणून भिंतींच्या माथ्यावर पेंढा आणि शेण लिंपलं. मागं राहिला पेशेक मिस्त्री, छपरीत बसून पुढच्या वर्षाचे दगड आखत. बांधकामावर आता बायांना कामच नव्हतं, पण बार्तानं ती बादली बघून नेहमीसारखं फाटक उघडलं.

मग वारा सुरू झाला. नदीकडून यायचा, उघड्या वाशांतून आत उतरायचा आणि थेट फळ्यांवर आपटायचा. अर्ध्या चर्चमध्ये चाळीस जणांना बसवायचं म्हणून बाकं फळ्यांपर्यंत आणली होती, आणि शेवटच्या जागा धाकट्यांच्या वाट्याला आल्या होत्या. नाताळच्या आधी यारोशच्या शेजारचा संन्यासी तापानं अंथरुणाला खिळला. नाताळनंतर यारोश खोकायला लागला. आधी प्रार्थनेत एकदोनदा, मग प्रत्येक स्तोत्राच्या शेवटी, मग मधेच. खोकला दाबण्यासाठी तो तोंडावर बाही धरत असावा, कारण आवाज दबका यायचा आणि त्यानंतर बराच वेळ श्वास.

बोहुनानं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी बादलीतून पाण्याऐवजी मळलेली माती आणली. पेंढ्याचे बारीक तुकडे मिसळलेली, चांगली चिवट. त्या संध्याकाळी आत स्तोत्रं चालू होती तोवर तिनं अंगठ्यानं एकेक फट भरली. हात पोचला तिथवर भरली, मग दगडावर चढून त्याच्या वरचीही भरली. फटी बुजल्या तसा आतला आवाजही कमी कमी होत गेला, आणि शेवटची फट तिच्या कानाशी होती. तीही तिनं बुजवली. चार दिवस आत खोकला कमी झाला असं तिला वाटलं, पण खरं तर तिला ऐकूच कमी येत होतं. पाचव्या दिवशी कडाक्याची थंडी पडली, ओल्या मातीत बर्फ धरला आणि सगळी माती ढेकळं होऊन खाली पडली. तिनं पुन्हा भरली. ती पुन्हा पडली. असं तीनदा झालं. बार्तानं वरती सांगून बघितलं, पण मठात शेवटच्या बाकावर बसायची पाळी येते तीही देवाच्याच इच्छेनं येते, असं उत्तर मिळालं.

"उन्हाळ्यात बरं होईल," तो तिला म्हणाला.

"आणि पुढच्या हिवाळ्यात?" तिनं विचारलं.

बर्फ वितळायला लागला आणि उपासाचे चाळीस दिवस चालू झाले, तेव्हा एका सकाळी पेशेक मिस्त्री बोहुनाच्या अंगणात आला. ती चाकाशी होती. मिस्त्री वयानं तिच्याहून लहान, अंगानं आडवा, दगडाच्या धुळीनं भुवया कायमच्या करड्या झालेला. त्यानं ओट्यावर बसून थोडा वेळ चाकाकडे बघितलं. मग सांगितलं, की मठानं विचारायला पाठवलंय. वासे तयार आहेत, कौलांवाचून अडलंय. बारा हजार लागतील. कधी होतील?

बोहुनानं चाक थांबवलं नाही. कौलाची माती साधी नव्हे, ती खणून उघड्यावर टाकायची आणि निदान दोन हिवाळे गारठ्यात मुरू द्यायची, नाहीतर पहिल्याच बर्फात कौल तडकतं, हे तिनं त्याला सांगितलं. ते त्यालाही माहीत होतं. तो मान डोलावत राहिला.

"मावशी," तो मग म्हणाला, "फळ्यांखाली ढेकळं पडलीत. त्यांच्यावर अंगठ्याचे ठसे आहेत. माझ्या माणसांचे अंगठे एवढे लहान नाहीत."

तिच्या हातातलं गाडगं एका बाजूला कललं.

मिस्त्री जमिनीकडे बघत हळू बोलत होता. त्याची आईही लांब होती, दुसऱ्या राज्यात, आणि ती जिवंत आहे की नाही हेही त्याला माहीत नव्हतं, पण ते त्यानं सांगितलं नाही. त्यानं एवढंच सांगितलं, की भिंती भक्कम आहेत, वाशांना डांबर फासलंय, आणखी दोन-तीन वर्षं उघडं राहिलं तर चर्चचं काही वाकडं होत नाही.

"माती अजून मुरायचीय, असं तुम्ही म्हणा," तो म्हणाला. "मी तसंच जाऊन सांगतो. कौलांतलं तिथं कुणाला काय कळतंय. तुमचा शब्द म्हटल्यावर कुणी शंकाही घ्यायचं नाही."

आता चाक थांबलं. बोहुनानं हात मांडीवर ठेवले. दोन-तीन वर्षं. रोजची एक संध्याकाळ धरली तरी किती झाल्या. सहा वर्षं हातची घालवल्यावर कुणीतरी आपण होऊन दारात येऊन एवढं देत होतं, आणि त्यासाठी फक्त एक खोटं बोलायचं होतं, तेही कुणाला न कळणारं. तिला हो म्हणायचं होतं. इतकं, की तिचं तोंड उघडलंही होतं.

काल संध्याकाळी तो एकवीस वेळा खोकला होता. तिनं मोजलं होतं. शेवटी खोकल्यावर त्याला पुढची ओळ म्हणता आली नव्हती.

"माती मुरलेली आहे," ती म्हणाली. "मागं ढीग आहे, तीन हिवाळे झालेला. मी रांजणांसाठी ठेवला होता."

मिस्त्रीनं मान वर केली. "बारा हजारांना पुरेल?"

"पुरेल. माख्ना आणि तिच्या दोन्ही सुना साचे भरतील. रात्रीचं गोठणं थांबलं की लगेच घालायला घेते. ऐन उन्हाळ्यात, संत याकोबाच्या सणापर्यंत, सगळी देते तुम्हाला."

"सगळी?"

"सगळी." ती उठली आणि झग्याला हात पुसत मागच्या अंगणाकडे निघाली. मिस्त्री तिच्यामागून गेला. ढीग पेंढ्याखाली झाकलेला होता आणि पेंढ्यावर अजून जुना, काळा बर्फ होता. तिथं थांबून तिनं विचारलं, "कौलं कुठून चढवायला घ्याल?"

"पश्चिमेकडून. गाड्या तिकडं येतात. फळ्यांकडचं शेवटी, पानगळ होता होता."

"नको. फळ्यांकडून घ्या. डावीकडच्या कोपऱ्यापासून."

मिस्त्रीनं ढिगावरून नजर काढून तिच्याकडे बघितलं. बार्ताचा कायदा त्यालाही ठाऊक होता.

"मावशी, मग पहिल्या गाडीलाच तुमच्या डोक्यावर कौल येईल. उभं राहायला जागा उरायची नाही."

"माहीत आहे मला," बोहुना म्हणाली, आणि वाकून ढिगावरचा पेंढा ओढायला लागली.